नकाशावरच्या टिकल्या

ओळखीचं कुणी गावात येऊन हॉटेलात उतरलं, की बेसमेंटकाका गाडी घेऊन जायचे आणि त्याच्या बॅगा उचलून घरी आणायचे. माणूस मागून यायचा. "मी जिवंत असताना हॉटेल?" एवढंच विचारायचे. ओहायोतल्या डब्लिनला त्यांचं घर. बेसमेंटमध्ये कायम गाद्या घातलेल्या. शिकायला आलेली पोरं, नोकरी लागलेली, नोकरी गेलेली, बायकोशी भांडून आलेला एक, सगळे तिथे झोपून गेले. म्हणून ते बेसमेंटकाका.

मीही तिथलाच. रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कामाला आलो, आठवडाभरासाठी म्हणून उतरलो आणि वर्षानुवर्षं राहिलो. बाकीची पोरं शिकून बाहेर पडली. माझं शिक्षण आठवीतच आटोपलेलं, त्यामुळे मी खालीच राहिलो.

काकू गेल्यावर काकांनी सायकल काढली. इथे बंद पडलेल्या रेल्वेलाइनींचे रूळ उखडून सायकलचे रस्ते केलेत. नदीच्या कडेने, बोगद्यांतून, जंगलातून जातात. ते जोडत जोडत या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत जायचं, हा काकांचा प्लॅन. "आगगाडीला चढ झेपत नाही रे, मलाही नाही. आमचं जमेल." डॉक्टरने सांगितलं होतं, गुडघे हा समर काढतील, पुढचा नाही. मी व्हॅन घेऊन मागे राहणार होतो, कारण मला सायकल येत नाही. काकांनी एकदा बसवलं तर स्टँडवर लावलेल्या सायकलवरून पडलो.

डायनिंग टेबलवर अमेरिकेचा नकाशा पसरला. माझ्या डोक्यात साधं होतं, रस्ता जातो तिथे जायचं आणि मोटेलात झोपायचं. काकांनी उलटंच सुरू केलं. काकूंच्या ड्रॉवरमधलं टिकल्यांचं पाकीट आणलं आणि बेसमेंटमध्ये राहून गेलेल्यांची जिथे जिथे घरं, तिथे तिथे टिकली लावली. रस्ता सोडून टिकलीकडे वळायचं, रात्र काढायची, परत रस्त्याला लागायचं. देश गोवर आल्यासारखा दिसायला लागला. शुगर लँडलाही एक टिकली लागली.

"काका, हे टेक्सास आहे. भूगोलात मी नापास, पण हे वाटेत येत नाही एवढं मलाही कळतं."

"विनय आहे ना तिथे. त्याला वाईट वाटेल."

"त्यापेक्षा तंबू घेऊ."

"तंबूत कोण भेटणार? सायकल निमित्त आहे रे. ही गेल्यापासून घरात बोलायला फक्त तू."

हे मी अजून कौतुक समजतो.

मग फोन सुरू झाले. पहिला बेलव्ह्यूच्या समीरला. याला कांजिण्या आल्या तेव्हा काकूंनी याला बेसमेंटमध्ये मऊ भात भरवला होता. फोन स्पीकरवर.

"काका, काय कमाल आहात यार. नक्की या. कधी म्हणताय?"

"जूनमध्ये. एकच रात्र."

"जून... जूनमध्ये ना किचन रिमॉडेल करतोय. आणि ऑगस्टमध्ये हिचे आईबाबा. तुम्ही असं करा, निघालात की आधी कळवा, वर्कआउट करू काहीतरी. आणि जवळ हॉटेलं मस्त आहेत हां."

"हो हो, किचन आधी उरकून घे," म्हणत काकांनी फोन ठेवला. नखाने टिकली काढली आणि पाकिटाच्या कागदावर होती तिथे परत चिकटवली.

मग एकेक गेली. कुणाच्या मुलीचं ग्रॅज्युएशन, कुणाच्या घरामागे लाकडी डेकचं काम, कुणाकडे नवीन कुत्रा. नाही कुणीच म्हणालं नाही. सगळे नक्की या म्हणाले आणि सगळ्यांनी आधी कळवा म्हणून बजावलं. विनयचा फोन तर त्याच्या मुलीने उचलला. "डॅड इज बिझी, अंकल." काकांनी तिलाच अख्खा प्लॅन सांगितला. ती "कूल" म्हणाली. त्यातल्या त्यात तीच बरी बोलली.

शेवटी एक टिकली उरली, डब्लिनची, आमच्याच घराची. काका तिच्याकडे बघत बसले. म्हणाले, "चला, इथला माणूस तरी आहे का घरी, विचारून घेऊ."

मी मोठ्याने हसलो. विनोद करणं माझं काम, पण दुसऱ्याचा ओळखता येत नाही. तो विनोद नव्हता.

"काका, मोटेलात झोपत जाऊ ना."

"तुला झोप लागेल रे," म्हणाले आणि नकाशा गुंडाळला.

समर गेला, गुडघे गेले, थंडीत काकाही गेले.

कळवायचं काम माझ्याकडे आलं. एकच मेसेज टाकला, तोही चुकांनी भरलेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बेलव्ह्यू, शिकागो, शुगर लँड, सगळे हजर. कुणाला आधी कळवावं लागलं नाही. आणि हॉटेल एकानेही बुक केलं नव्हतं. बॅगा घेऊन सरळ बेसमेंटमध्ये उतरले आणि आपापल्या जुन्या जागा धरल्या. गाद्या पुरल्या नाहीत. माझीही गेली.

समीर रडत रडत मला म्हणाला, "काकांनी ती ट्रिप करायला हवी होती यार. का नाही गेले?"

मी त्याला पिठलं वाढलं. फार तिखट झालं होतं. सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम केलं. तसं नाही, इतकी वर्षं किचनमध्ये काढून मला तिखटाचा अंदाज येत नाही. पहिल्याच घासाला समीरच्या डोळ्यांतून परत पाणी आलं. ते कशाचं होतं, तेवढं मात्र मी छातीठोकपणे सांगू शकतो.