जपानच्या निकालाची घोंगडी

आमच्या जळकोटात जपानच्या निवडणुकीची चौकशी करणारा माणूस एकच, बिराप्पा धनगर. त्याच्याबद्दल लिहावं इतकं चांगलं मला लिहिता येत नाही. पण दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

बायको गेल्यापासून तो मेंढरांबरोबर एकटाच असतो. एकुलता एक मुलगा मल्हार जपानात, ओकिनावा बेटावर. अमेरिकेच्या लष्करी तळाबाहेर एक हॉटेल आहे, तिथं तो स्वयंपाकी. गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकी सैनिक.

शांतलिंगच्या चहाच्या टपरीवर मी बिराप्पाला पेपर वाचून दाखवायचो. जपानात निवडणूक लागली होती. एक बाजू म्हणत होती, अमेरिकेची दोस्ती जपू. दुसरी म्हणत होती, तळ कमी करा.

बिराप्पा म्हणाला, "म्हंजी रान जपानचं, खतासाठी बसवलेली मेंढरं अमेरिकेची. रानाचा मालक बदलला की आमाला बी उठवत्यात."

"तसंच काहीसं."

"मग हाटेल बंद? पोरगं घरी?"

"होऊ शकतं," मी म्हणालो.

"मामा, तिकडं मत हाय का तुमचं?" शांतलिंगनं विचारलं. "का मेंढरांची नावं घातलीत यादीत?"

सगळे हसले. बिराप्पाही हसला.

त्या आठवड्यात तो बिरोबाला नवस बोलला. घरच्या लोकरीची नवी घोंगडी घालीन म्हणाला. जपानच्या निकालाचा नवस म्हणून गावभर झालं. काय मागितलं, ते मला एकट्याला सांगितलं.

"तळ उठू दे म्हणलंय, अण्णा. कुणाला बोलू नका. बापच पोराच्या पोटावर उठला म्हणतील."

निकाल लागला त्या दिवशी आम्ही टपरीवरच होतो. मल्हारचा फोन आला. त्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

"आप्पा, दोस्तीवालेच आले! तळ राहतोय. मालक दुसरं हाटेल काढतोय, ते मीच बघायचं."

"लई चांगलं झालं, बाळा," बिराप्पा म्हणाला. "जेवलास का?"

फोन ठेवताच शांतलिंग ओरडला, "मामा, बिरोबानं ऐकलं की! घाला आता घोंगडी."

बिराप्पानं माझ्याकडं पाहिलं. मी पेपराची घडी घालत राहिलो.

रविवारी ढोल वाजले, भंडारा उधळला. बिराप्पानं देवाच्या अंगावर घोंगडी घातली, चारी कोपरे नीट ओढून, निजलेल्या पोराला पांघरावी तशी. लोक त्याला शाबासकी देत होते. तो मान हलवत होता.

परतताना मी त्याच्या सोबत चाललो. तो म्हणाला, "रानाला खत लागतंच, अण्णा. मालक कुणीबी येऊ द्या, मेंढरं बसवणारच. माज्या ध्यानात यायला पायजे हुतं."

थोडं पुढं गेल्यावर त्यानं विचारलं,

"पुढची निवडणूक कवा हाय तिकडं?"

"चार वर्षांनी. पण कधी कधी आधीच लावतात."

"मग लोकर कातरून ठिवतो," तो म्हणाला आणि मेंढरांच्या वाड्याकडं वळला.