भिवाची हनुवटी

पेंटरनाना चेहरा रंगवताना डोळे सगळ्यांत शेवटी काढत, आणि तेही त्या माणसाच्या घरचं कुणी भिंतीपाशी येऊन उभं राहिल्यावरच. "नजर घरच्यांनाच ठावं असती," म्हणत. तोवर जाता-येता आम्हाला बिनडोळ्यांची माणसं बघावी लागत.

एरवी ते ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटा आणि निवडणुकीची चिन्हं रंगवत. लोणीपासून बोरी बुद्रुकपर्यंत त्यांच्या हातची अक्षरं होती. नव्वदनंतर कधीतरी कालव्याच्या पाण्यासाठी मोर्चा निघाला, गोळी चालली. आमच्या गावचा भिवा गेला, चौघं तुरुंगात गेले. कुणी न सांगता नानांनी चावडीच्या भिंतीवर पाच चेहरे काढायला घेतले. तुरुंगातले चौघं हसरे. "जेलात कोण हसतं, नाना?" मी विचारलं.

"त्यांच्या पोरांनी रोज रडकं तोंड कशाला बगायचं?"

भिवाचा मात्र एकही फोटो नव्हता. त्याची आई, सोनामावशी, सांगे तसं नाना काढत. "लई देखना केलास. नाक येवडं सरळ न्हाई त्येचं," म्हणून तिने तीनदा पुसायला लावलं. चहा गार झाला तरी डाफरणारे नाना तिच्यापुढे निमूट चुन्याचा हात मारत. शेवटी त्यांनी तिलाच समोर बसवलं आणि तिचंच नाक, तिचीच हनुवटी भिवाला दिली. डोळे काढून झाले तशी ती म्हणाली, "ह्यो माजा भिवा."

चौघं यथावकाश सुटून आले. पुढे फ्लेक्सचे दिवस आले. मी पंचायतीत होतो. चावडीची भिंत टायरच्या जाहिरातीला द्यायची आणि पाचही जणांचा रंगीत फ्लेक्स लावायचा, हा ठराव माझाच. भिवासाठी भिंतीचाच फोटो काढू म्हणालो.

"काढ की," नाना म्हणाले. "पन मावशी दळनाला जाता-येता त्येच्या हनुवटीला हात लावती, भाऊ. फ्लेक्स तर तू वर टांगनार."

मी ऐकलं नाही. नानांनी चुना दुसऱ्या कुणाला मारू दिला नाही. चौघांवर स्वतः ब्रश फिरवला आणि भिवापाशी येऊन तो माझ्या हातात दिला. "ह्ये तू कर. ठराव तुजा हाय."

मी ब्रश उचलला. हनुवटीवरचा रंग बोटांनी झिजून खालचा गिलावा दिसत होता. मला माझीच लाज वाटली. ब्रश बादलीत टाकून मी बाजूला झालो.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्यापुढे हरल्याचा मला आजही आनंद आहे. त्या वेळी टायरची जाहिरात भिवाला सोडून उरलेल्या भिंतीवर झाली. ती नानांनीच रंगवली.