तीन गावांचं पाणी

कंपनीनं जालन्याचं ऑफिस बंद करायचं ठरवलं आणि आम्हाला तीन शहरांची नावं दिली. नागपूर, अकोला, नाशिक. यातलं एक निवडा आणि पंधरा दिवसांत कळवा. इतक्या उदारपणे मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. शाळा वडिलांनी निवडली, बायको आईनं निवडली, आणि आता एकदम अख्खं शहर मी निवडायचं होतं, तेही तिघांसाठी. मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी.

मी बियाण्यांच्या तपासणीचं काम करतो. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, दिवस मोजायचे आणि किती उगवले ते लिहायचं. या कामानं माणूस जरा खडूस होतो. घरात कुणी ‘मला असं वाटतं’ म्हणालं की माझ्या कपाळावर आठ्या पडतात. तेव्हा शहर निवडायलाही मी तक्ता केला. शाळा, दवाखाना, घरभाडं, हवा, नळाला पाणी किती वेळ. नागपूर सगळ्यात पुढं निघालं. तिथं बढती होती आणि राहायला कंपनीचं घरही. बायकोनं तक्ता शेवटपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, “आत्याबाईंनी पाणी पाह्यल्याबिगर मी लेकराला घेऊन कुठंबी येत न्हाई.”

आत्याबाई म्हणजे माझी आई. ती गावी राहते, वाटूरच्या पुढं मंठ्याच्या रस्त्याला. पाणी पाहायची चाल आमच्या भावकीत जुनी आहे. एखाद्या गावी मुलगी द्यायची ठरली की त्या गावच्या विहिरीचं तांब्याभर पाणी आणून आधी तिला पाजायचं. बाजारातून नवा बैल आणला की त्याच्यापुढं आधी आपल्या विहिरीची बादली ठेवायची, मग वैरण. घटाघटा प्यायलं तर मानवलं. तोंड फिरवलं तर पुन्हा विचार करायचा. लहानपणी मी याला हसायचो आणि आईचा धपाटा खायचो.

बायको मात्र हसण्यासारखं बोलत नव्हती. आमचं पहिलं लेकरू, मुलगा, अकरा महिन्यांचा होऊन गेला. तेव्हा मी पहिल्या नोकरीवर दुसऱ्या जिल्ह्यात होतो. डॉक्टरांनी कागदावर न्यूमोनिया लिहिलं. आई म्हणाली, “तिथलं पाणी बाधलं. तू पाणी न पाहता नेलंस त्याला.” या एका वाक्यासाठी मी आईला सहा वर्षांत माफ केलेलं नव्हतं. बायको त्यावर कधी काही बोलली नाही. मुलीला तर आपल्याला भाऊ होता हेच ठाऊक नव्हतं. घरात त्याचा फोटोदेखील आम्ही ठेवला नव्हता.

शहरं बघून यायला कंपनीनं मला आठवडा दिला. बायको आणि मुलगी तोवर आईकडं गेल्या. आईनं फोनवर तीनदा बजावलं, “ज्या घरात ऱ्हायचं त्याच घराच्या नळाचं आण. इकतची बाटली आणू नको.” बरं म्हणालो. मग तिन्ही शहरांत घरं पाहिली, गॅलऱ्यांत उभा राहिलो, शाळा सुटताना फाटकापाशी पोरांचे चेहरे न्याहाळले. पाणी कुठलंच भरलं नाही. विसरलो असं म्हणता येईल, पण खरं तर भरायचंच नव्हतं.

परत येताना वाटूर फाट्याला गाडी बदलायला उतरलो आणि आईचं तोंड डोळ्यांपुढं आलं. तिथल्या हॉटेलात चहा घेतला, तीन रिकाम्या बाटल्या मागितल्या, विसळल्या आणि एकाच नळाखाली एकामागून एक भरल्या. खिशातल्या मार्करनं त्यांच्यावर लिहिलं, नागपूर, अकोला, नाशिक. लबाडी होतीच. पण आमच्या कामात तिला मान्यता आहे. तपासणारा खरंच मोजतो की अंदाजपंचे लिहितो हे बघायला आम्ही कधीकधी एकाच पोत्यातलं बियाणं तीन नंबरांनी देतो. आता आई एक पाणी चांगलं म्हणेल, एक वाईट म्हणेल, आणि मग मी शांतपणे सांगेन की तिन्ही एकच होतं. सहा वर्षांचं ते वाक्य तिथंच मिटेल. दुसरा चहा मी मोठ्या खुशीत प्यायलो.

पाणी सकाळी अनोशापोटी, कुणाशी बोलायच्या आत पाजायचं असतं. आईनं ओसरीवर पाट मांडून मुलीला उगवतीकडं तोंड करून बसवलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी खांबाला टेकून, हसू दाबून बघत होतो. आईनं नागपूरच्या बाटलीतलं पाणी फुलपात्रात ओतून मुलीच्या हातात दिलं.

मुलीनं घोट घेतला. गाल फुगले. पण घशाची हालचाल झाली नाही. ती समोर बघत बसली, आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी हळूहळू बाहेर येऊन हनुवटीवरून फ्रॉकवर उतरलं. ती थुंकली नाही. तोंड वाकडं केलं नाही. एरवी पाणी आवडलं नाही की हीच पोरगी फुर्र करून सगळ्यांना भिजवते. आत्ता तिचा चेहरा काहीच करत नव्हता.

“गीळ की बाई,” आई म्हणाली. मुलीला ऐकू आल्यासारखं वाटलं नाही.

मग अकोला. पुन्हा तसंच. तोच कोपरा, तीच धार, तितकीच सावकाश. मग नाशिक. माझं हसू कधी गेलं मला कळलं नाही. उन्हं ओसरीवर आली होती, तरी माझ्या पायांखालची फरशी गार लागत होती. गोठ्यातली म्हैस, जिला आमच्या घरात कुणाचीच पर्वा नसते, ती मान वर करून आमच्याकडं बघत होती.

“तिन्हीबी?” आई फुलपात्राकडं बघत म्हणाली. “असं कवाच झालं न्हाई. एखादं तर घेतंच की लेकरू.”

खरं म्हणजे हीच माझी वेळ होती. पण मी पुढं होऊन बाटल्यांची टोपणं लावायला लागलो. कारण आईला जे चुकल्यासारखं वाटत होतं ते बरोबर होतं, आणि ते एकट्या मलाच ठाऊक होतं. एकाच पोत्यातले दाणे तीन नंबरांनी दिले होते आणि तिन्हींचा निकाल एकच आला होता. इतकी चोख तपासणी माझ्या हाताखालच्या कुणी कधी करून दिली नव्हती. मी घाबरलो होतो, सरळ सांगायचं तर.

मुलगी पाटावरून उठली, माठापाशी गेली आणि घरचं पाणी दोन फुलपात्रं घटाघटा प्यायली. “आज्जी, ते आत जातच न्हाई,” एवढं सांगून ती शेळीच्या पिल्लांकडं पळाली.

बायको दारातच खाली बसली होती. ती म्हणाली, “तुमी एकटे जा. म्या न्हाई येत, आन् लेकरूबी न्हाई.” आई लगेच म्हणाली, “बराबर हाये. दोघींला इथंच ठिव.” मला समोर दिसायला लागलं, नागपुरातलं कंपनीचं रिकामं घर, आणि महिन्यातून एकदा बापाला बघून लाजणारी पोरगी. एक लेकरू हातातून गेलं होतं. दुसरं आता माझ्याच चलाखीनं जात होतं.

दुपारी आई लवंडल्यावर मी बायकोपाशी गेलो. ती सुपात ज्वारी निवडत होती. मी सगळं सांगून टाकलं. पाणी कुठल्याच शहराचं नव्हतं, एकाच नळाचं होतं, आईला खोटं पाडायचं होतं म्हणून केलं. ती भडकेल, बोलेल, निदान सूप तरी आपटेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, “मंग कुठलं व्हतं?”

“वाटूरचं. फाट्यावरच्या हॉटेलाचं.”

तिचा हात सुपातच थांबला. ती म्हणाली, “तिथंच आपुन थांबल्तो.”

बाटल्या भरताना मला ते आठवलं नव्हतं असं मी लिहिलं तर कुणाला पटणार नाही. मी सहा वर्षं ते आठवू दिलं नव्हतं, एवढंच म्हणतो. तेव्हा ते हॉटेल नव्हतं, पत्र्याची टपरी होती आणि शेजारी हापसा. मुलाला दवाखान्यातून सोडलं होतं, ताप उतरला होता, आम्ही त्याला आईकडं घेऊन निघालो होतो. जीपमध्ये तो झोपलाय असं आम्ही दोघं एकमेकांना सांगत होतो. त्याचे ओठ सुकले होते म्हणून फाट्यावर गाडी थांबवली. मी बाटलीच्या टोपणात हापशाचं पाणी आणलं आणि हिनं ते त्याच्या ओठांना लावलं. पाणी आत गेलं नाही. तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. हिनं पदरानं पुसलं आणि पुन्हा पाजलं. तिसऱ्या खेपेला मी तिच्या हातातून टोपण काढून घेतलं.

हे आम्ही आईलाही सांगितलेलं नाही. ते पाहणारी जगात दोनच माणसं होती, आणि ती दोघं आत्ता सुपाच्या दोन बाजूंना बसली होती.

“पोरीला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“कोण सांगल? तुमी न्हाई सांगितलं, म्या न्हाई.”

मी कारणं काढायला लागलो. बाटलीला प्लॅस्टिकचा वास असेल. पोरगी अर्धवट झोपेत असेल. आजही मी कारणं काढतो, आणि प्रत्येक कारण कागदावर नीट बसतं. फक्त तो डावा कोपरा कशातच बसत नाही.

बायको रडली नाही. खाली बघत ती म्हणाली, “गावाकडं येता-जाता वाटूर आलं की म्या त्याच्याकडं बघते. खिडकीची जागा त्याच्याचसाठी धरते. तुमी तिकडं बघतच न्हाईत.” सहा वर्षं आम्ही एका गाडीत शेजारी बसून तो फाटा ओलांडत होतो, आणि मी दरवेळी मोबाइल काढत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

“पाण्याचं काय घिऊन बसलात,” ती पुढं म्हणाली. “मला जायाचंच नव्हतं, म्हणून आत्याबाईंचं नाव केलं. वाटायचं, आपुन लांब गेलो की तो एकटाच पडंल तिथं.”

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही. पिल्लांमागं धावणाऱ्या मुलीचा आवाज परसातून येत होता. बायकोनं विचारलं, “इथून नागपूरला रस्ता कुठून हाये?”

“मंठ्यावरून, मेहकरकडून.”

“आन् अकोल्याला?”

“तसाच.”

“आन् नाशिकला?”

“वाटूरवरून. मग जालना आणि पुढं.”

“मंग नाशिक,” ती म्हणाली आणि ज्वारी निवडायला लागली.

आई संध्याकाळी कुरकुरली की नाशकाचं पाणी मानवलं नाही. बायको तिला म्हणाली, “ऱ्हाऊ द्या आत्याबाई, मानवंल.” आईनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती दिवा लावायला उठली.

सोमवारी मी ऑफिसात नाशिक कळवलं. साहेब चक्रावले. बढती नाही, घर नाही, भाडं सगळ्यात जास्त. मी म्हटलं, गावी येण्याजाण्याला सोयीचं आहे. त्यांनी मोबाइलवर नकाशा उघडला, बोटानं मागंपुढं केला आणि म्हणाले, “अहो, तुमच्या गावाला अकोला किती जवळ पडतं!”

“हो साहेब,” मी म्हटलं. “पण आम्हाला वाटूरवरून जायचंय.”