गाडी छातीनं थांबत नाही

"मम्मी, ये हीरो तो बिल्कुल बेकार है," असा निकाल माझ्या मुलीनं दिला, तेव्हा मी ऑफिसातून येऊन खांद्यावरची पर्सही उतरवली नव्हती. सरकारी कचेऱ्या शहरापासून लांब, नव्या राजधानीच्या मोकळ्या माळावर नेऊन ठेवल्यापासून माझा अर्धा दिवस बसमध्येच जातो. संध्याकाळी चौबे कॉलोनीत उतरते तेव्हा वाद घालायचं त्राण नसतं. तरी घातला.

"काहून? काय वाईट आहे त्याच्यात?"

"इसको कोई प्रॉब्लम ही नहीं है. आता है, मारता है, चला जाता है. बोर!"

मी मराठीत विचारायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, हे आमच्या घरात ती बोलायला लागली तेव्हापासून चालत आलेलं. तिच्या हातात पिवळ्या पडलेल्या पानांची एक जुनी हिंदी कॉमिक होती. ती मी तिच्यासाठी आणलीच नव्हती. आतल्या खोलीत पलंगावर पडलेल्या माझ्या वडिलांसाठी आणली होती.

बाबा रेल्वेत गार्ड होते, मालगाडीचे. आई गेल्यावरही बूढ़ापाऱ्यातल्या भाड्याच्या घरात एकटेच राहत. एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून वस्तरा पडला आणि मग ते स्वतःही. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी त्यांना माझ्याकडे आणलं. पाय हळूहळू सुधारला, हातात चमचा धरता येऊ लागला. बोलणं मात्र आलं नाही. समजत सगळं होतं. चहात साखर कमी पडली तर कपाळावर आठी यायची. पण शब्द म्हणून काही बाहेर पडायचं नाही, नुसतं "अं, अं".

आठवड्यातून दोनदा एक बाई त्यांच्याकडून बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला यायच्या. वयानं लहान, इथल्याच, प्रत्येक वाक्याला होकाराचं "हव, हव" म्हणणाऱ्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं, "दीदी, शुरू के महीनों में जितना लौट आए, उतना अच्छा. बाद में बहुत मुश्किल होता है." तीन महिने होऊन गेले होते. बाबांनी एक तरी शब्द बोलावा, एवढंच मला हवं होतं. आणि तो मराठी असावा, हे मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या सासरचे लोक भोसल्यांच्या काळापासून इथले. त्यांची मराठी आता देवघरापुरती उरली आहे. मुलीचं तर सांगितलंच. माझ्याशी मराठीत बोलणारा या हिंदी शहरात एकच माणूस होता, आणि तो गप्प झाला होता.

"बाबूजी को क्या पढ़ना पसंद था?" त्या बाईंनी विचारलं. "वही रोज़ पढ़कर सुनाइए. उन्हीं की बोली में."

मी विचार न करता म्हणाले, "कॉमिक्स."

त्या हसल्या. मग माझा चेहरा बघून हसायच्या थांबल्या.

मी सहा वर्षांची असताना बूढ़ा तालाबाजवळच्या एका पानठेल्यावर दोरीला कॉमिक्स लटकलेल्या असत. भाड्यानं मिळत, दुसऱ्या दिवशी परत करायच्या. सगळ्या हिंदीत. आमच्या घरात हिंदीला बंदी होती. बाबा म्हणायचे, बाहेर दिवसभर तेच बोलतो, घरी तरी तोंडाला आराम. म्हणून ते कॉमिक मराठीत वाचायचे. ड्युटीवरून आले, अंघोळ केली, जेवले, की खाटेवर आडवे व्हायचे आणि पुस्तक स्वतःकडे धरून हिंदीतलं मराठीत करत एक पान वाचायचे. मग पुस्तक फिरवून मला चित्र दाखवायचे. मला वाचता येत नव्हतं, त्यामुळे ते सांगतील ते खरं.

त्यांचा आवडता हीरो निळ्या मुखवट्याचा होता. तो गोंदियाकडचं बोलायचा, कारण बाबा गोंदियाकडचे. एखाद्या डाकूची मानगूट धरून म्हणायचा, "काहून बे, गरिबाले तरास देऊन राहिला?" डाकूही त्याच बोलीत गयावया करायचा. हा मुखवटेवाला बाबांच्या गावचाच असणार, अशी माझी पक्की समजूत होती.

एका गोष्टीत डाकूंनी पूल उडवलेला असतो आणि समोरून पॅसेंजर गाडी येत असते. ते पान बाबांनी बराच वेळ वाचलंच नाही. कुणीतरी ड्युटीत हलगर्जी केल्यावर व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"असं छातीनं गाडी थांबत नाही, बाई," ते म्हणाले. "ब्रेक लावला तरी किती लांब घसरत जाते. हा उभा राहिला तर आपनही मरन, अन् गाडी पडन ते पडनच."

मग त्यांनी पुढचं वाचलं. मुखवटेवाला रुळांवरून गाडीच्या दिशेनं धावत गेला आणि त्यानं रुळावर पटाखे बांधले. हे पटाखे गार्डाच्या पेटीत असतात. इंजिनाचं चाक वर आलं की फुटतात आणि ड्रायव्हर सावध होतो. मग मुखवटेवाला हात पसरून लाल झेंडी दाखवत उभा राहिला. गाडी थांबली. चित्रात मला झेंडी कुठे दिसेना, तेव्हा बाबा म्हणाले, "चित्रवाला काढाले विसरला."

आठ दिवस मी शाळेत सगळ्यांना सांगत फिरले की निळ्या मुखवटेवाल्याची खरी ताकद म्हणजे त्याला रेल्वेचे नियम पाठ आहेत. शेवटी एका मुलीनं ती कॉमिकच वर्गात आणली. तिला वाचता येत होतं. तिनं वाचून दाखवलं: मुखवटेवाला रुळावर उभा राहतो, छाती पुढे काढतो, इंजिन त्याच्या छातीवर आपटून थांबतं. सगळा वर्ग हसला. घरी येऊन मी बाबांवर ओरडले, तुम्ही खोटं वाचता. त्यांना काहीच वाटलं नाही. "लिहिनाऱ्यानं चूक केली होती. मी दुरुस्त करून वाचलं," म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्या रागातच हिंदी वाचायला शिकले. पुन्हा कधी त्यांच्याकडून कॉमिक ऐकली नाही. आज वाटतं, तेवढा राग धरायची गरज नव्हती.

तर त्या बाईंचं ऐकून मी सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत रद्दीवाल्याकडे गेले. "दीदी, अब बच्चे कहाँ पढ़ते हैं ये," तो म्हणाला. "बड़े लोग ले जाते हैं. फोटो खींचते हैं, रख देते हैं." तिसऱ्या खेपेला मला सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा मिळाला. त्यात मुखवटेवाला होता, पुलाची गोष्टही होती.

रोज संध्याकाळी मी बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून वाचू लागले. त्यांच्यासारखंच, हिंदीतलं मराठीत करून. पहिल्याच दिवशी तोंडातून निघालं, "अरे दुष्टा, थांब!" आणि माझी मलाच लाज वाटली. आमच्या घरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. मग मी बाबांची बोली आणायचा प्रयत्न केला. "काहून बे" तेवढं जमायचं; पुढचं वाक्य पुस्तकी तरी व्हायचं, नाहीतर सरळ हिंदी. पंचवीस वर्षं फायलींवर हिंदी लिहून माझ्या जिभेचं काय झालं होतं ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. माझ्याच बापाची बोली बोलताना मला नाटक केल्यासारखं वाटत होतं. बाबा खिडकीबाहेर बघत राहायचे.

"बाबा, ऐकून राहिले ना तुम्ही?"

ते डोळे मिटायचे.

एकदा मी मुद्दाम पुलाची गोष्ट काढली आणि छापली आहे तशीच वाचली. छाती, इंजिन, धडाम, सगळं. म्हटलं, आता तरी चिडतील. मान हलवतील, हात आपटतील, काहीतरी म्हणतील. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला. डोळ्यांत पाणी होतं, पण पोळ्या करायच्याच होत्या.

याच दिवसांत मुलीनं तो निकाल दिला होता. तिचे हीरो फोनवर आणि मॉलमधल्या पडद्यावर. ते रडतात, आपसांत भांडतात, आधी अर्धं शहर पाडतात आणि मग माफी मागतात. मी म्हटलं, यापेक्षा आमचा बरा, निदान कुणाची भिंत तरी पाडत नव्हता. ती म्हणाली, "मेरे वाले कम से कम थकते तो हैं."

हे मला लागलं. तिला काही कळून ती बोलली नव्हती. बोलून पुन्हा फोनमध्ये गेली. पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी तेच घोळवत बसले. मुखवटेवाला कधी थकत नाही, हे खरं. बत्तीस पानांत गाव वाचवतो, शेवटच्या चौकटीत हात हलवतो. त्याच्या घरी पलंगावर कुणी पडलेलं नसतं. त्याला दर शनिवारी औषधांची डबी भरायची नसते. लहानपणी मला हे सगळं पटलं, कारण कुणीतरी येईल यावर तेव्हा माझा विश्वास होता. आमचं राज्य जुन्या मोठ्या राज्यातून वेगळं झालं तेव्हा ऑफिसात आम्ही सगळे असेच बोलत होतो, आता आपलं राज्य आलं, आता बघा. आलं. मग आम्ही त्याच्या फायली केल्या. मुखवटेवाला जुना झाला तो चड्डी कपड्यांवरून घालतो म्हणून नाही. कुणी येणार नाही हे आपल्याला कळलं, म्हणून तो जुना झाला. हे मुलीला सांगावंसं वाटलं, पण संध्याकाळपर्यंत तेवढा उत्साह राहिला नाही.

त्यानंतर महिनाभरानं एके दिवशी आमची बस वाटेत बंद पडली. दुसरी येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. नवे, रुंद, रिकामे रस्ते. चहाची टपरीसुद्धा नाही. घरी पोचायला अंधार पडला. जिना चढता चढता मी मनाशी ठरवलं की आज वाचन नाही, आणि खरं सांगायचं तर उद्याही नाही. पुरे झालं.

दार उघडंच होतं. आतून मुलीचा आवाज येत होता. ती बाबांना वाचून दाखवत होती. माझ्या खुर्चीत नाही, पलंगावर, त्यांच्या पायांशी मांडी घालून. पाण्याची टाकी पळवणाऱ्या कुठल्याशा राक्षसाची गोष्ट होती. ती हिंदीत वाचत होती, जसं छापलंय तसं, भरभर, मध्येच स्वतःच हसत. "नाना, देखो इसका मुँह! ऐसा राक्षस होता है क्या?" मी दारातच थांबले. बाबा खिडकीकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते.

पान संपलं. ती उलटायचं सोडून खाली पडलेली केसांची क्लिप शोधू लागली.

बाबांचे ओठ हलले. डावी बाजू आधी, मग उजवी, मागून ओढल्यासारखी. 

"फि..."

मुलगी अजून क्लिपच शोधत होती.

"फिर?"

क्लिप शोधणारा हात थांबला. बाबांनी पुन्हा विचारलं, आता थोडं चिडून, "फिर?"

मला आनंद झाला असं म्हणायला हवं. तोही झाला, पण आधी राग आला. ज्या माणसानं मुखवटेवाल्यालासुद्धा हिंदीत बोलू दिलं नाही, तो हे म्हणत होता. इतके दिवस रोज मी दमलेल्या तोंडानं त्यांची बोली जुळवत बसले होते. माझ्या वाचनावर "अं" सुद्धा निघालं नव्हतं. मला एकटीला शिक्षा दिल्यासारखं वाटलं. मग मी त्यांचं तोंड पाहिलं. एका शब्दानं त्यांना घाम फुटला होता, आणि ते माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांना फक्त पुढे काय झालं ते हवं होतं, आणि ज्या पोरीकडे पुस्तक होतं, तिला कळेल असं त्यांनी विचारलं होतं.

"मम्मी!" तिनं मला पाहिलं. "सुना आपने? नाना बोले!"

उत्तर मराठीतच तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं.

"हाँ, सुना," मी म्हणाले. "पढ़ ना बेटा, आगे पढ़."