हद्दीपलीकडचा नकाशा

वेल्समधल्या कार्डिफ शहराला लागून असलेल्या एका कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, मी प्लॅनर म्हणून लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. नागपूरला नगररचना शिकले, तिथे थोडी नोकरी केली आणि मग वर्क व्हिसावर इकडे आले. येत्या काळात घरं कुठे, रस्ते कुठे, मोकळी जागा कुठे, हे ठरवण्याचं आमचं काम. पण ते आमच्या हद्दीपुरतं. एका बाजूला ही हद्द म्हणजे एक ओढा. ओढ्यापर्यंत आमचा नकाशा रंगीत आणि पलीकडे, शेजारच्या कौन्सिलच्या भागात, नुसता पांढरा कागद. सगळ्याच कौन्सिलांचे नकाशे असे असतात. त्यात काही खटकण्यासारखं आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

युरोपातल्या मोठ्या शहरांच्या आणि त्यांच्या भोवतालच्या परिसरांच्या प्लॅनर मंडळींचा एक गट आहे. शहर आणि आजूबाजूची गावं यांनी जमिनीचं नियोजन एकत्र कसं करायचं, यावर ते महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटतात. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं तरी आमच्या भागाचं नाव त्यांच्या यादीत राहिलं होतं. ऑफिसात कुणाला त्या मीटिंगला बसायची हौस नव्हती. माझ्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "तू बस. नुसतं ऐकलंस तरी चालेल."

चौथ्या की पाचव्या मीटिंगला आमची पाळी आली. मी ओढ्याकाठी नव्याने होत असलेल्या वसाहतीचा नकाशा दाखवला. दोन टप्पे बांधून झाले होते, तिसरा बाकी होता. मला वाटलं, काम नीटनेटकं आहे, कौतुक होईल. पोलंडमधल्या एका शहराच्या प्लॅनर होत्या, पन्नाशीच्या, फारसं न बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "त्या पांढऱ्या जागेत कोण राहतं?"

"ती शेजारची कौन्सिल आहे," मी म्हणाले.

"हो, पण राहतं कोण?"

त्यांचा सूर टोमण्याचा नव्हता. तरीही माझे कान तापले.

शनिवारी बूट चढवून निघाले. नवरा म्हणाला, "वीकेंडला साइटवर? आणि पलीकडची बाजू तुमची नाहीच आहे ना?"

"तेच बघायला चाललेय," मी म्हटलं.

वसाहतीच्या शेवटच्या गल्लीतून ओढ्यापाशी पोचले, तर समोरच्या काठावर प्राथमिक शाळा. अगदी हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. ओढ्यात कुणीतरी माल ठेवायची लाकडी पॅलेट टाकून ठेवली होती, तिच्या फळ्यांवर चिखलाच्या पावलांचे ठसे. एक तरुण बाई बाळाची बग्गी, म्हणजे ढकलगाडी, घेऊन तिथे उभी होती. तिला विचारलं, तर म्हणाली, मोठा मुलगा त्याच शाळेत जातो. बग्गी या फळ्यांवरून नेता येत नाही, म्हणून रोज गाडी काढून ड्युअल कॅरेजवेच्या हमरस्त्यावरून वळसा घालावा लागतो.

"कौन्सिलला कळवलंत?"

"दोघांनाही. हे म्हणतात त्यांना सांगा, ते म्हणतात यांना."

मी गप्प राहू शकले असते. पण म्हणाले, "मी त्यातल्या एका कौन्सिलमध्ये प्लॅनर आहे."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग आता मी कुणाला सांगू?"

"मला सांगितलंत, तेवढं पुरे," मी म्हटलं. आणि असं बोलून बसल्यावर आता मागे फिरता येणार नाही, हेही तिथेच समजलं.

सोमवारी मॅनेजरबाईंनी ऐकून घेतलं. "ओढ्यापलीकडे आपला अधिकार नाही. तिकडच्या माणसाशी बोलायचं तर मी अडवणार नाही. पण तिसऱ्या टप्प्याला उशीर झालेला मला चालणार नाही."

तिकडचा माणूस म्हणजे निवृत्तीला आलेले एक वेल्श गृहस्थ. माझ्या तीन मेलना त्यांचं उत्तर आलं नाही, तेव्हा मी सरळ बसने त्यांच्या ऑफिसात गेले. नकाशा पसरून पादचारी पुलाची जागा दाखवली. त्यांनी चष्मासुद्धा घातला नाही.

"शहराकडची माणसं आधी पूल आणतात," ते म्हणाले, "आणि मग पुलावरून घरं येतात. बसच्या वेळा बघून निघा, नाहीतर तासभर थांबावं लागेल."

परतताना खूप राग आला होता. त्यांचा आला होता, पण स्वतःचा जास्त. दुसऱ्या दिवशी पोलंडच्या बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेऊन विचारलं, "तुम्ही कुणाचा नकाशा नेला होता?"

"आमचा."

"आम्हीही तेच करायचो. आजूबाजूच्या गावांचे मेयर हाताची घडी घालून बसायचे. शहर आपल्याला गिळायला आलंय, असंच त्यांना वाटायचं. पुढे आम्ही रिकाम्या हाताने जायला लागलो. त्यांचा नकाशा मागायचो आणि तो समजेपर्यंत दुसरं काही बोलायचो नाही. वेळ फार लागतो. पण दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही."

पुढच्या आठवड्यात मी परत गेले. त्या गृहस्थांनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "पुलाचं बोलायला आले नाही. तुमचा नकाशा बघायचाय."

त्यांनी कपाटातून कागदी नकाशा काढून टेबलावर पसरला. ओढ्याच्या खालच्या अंगाला दोन गल्ल्या होत्या आणि त्यातल्या कितीतरी घरांवर पेन्सिलीने फुल्या होत्या.

"या कसल्या?"

"पाणी शिरलेली घरं. तुमची वसाहत झाल्यापासून. छपरांचं, रस्त्यांचं, सगळं पाणी ओढ्यात येतं आणि इथे चढतं. मी लिहून कळवलं होतं. उत्तर आलं, ही घरं आमच्या हद्दीत नाहीत."

ते उत्तर माझ्या ऑफिसातून गेलं होतं. मी लिहिलेलं नव्हतं, पण माझ्या हातात पडलं असतं तर मीही तेच लिहिलं असतं. मी त्यांची माफी मागितली. ते उठले आणि चहा घेऊन आले.

त्या दुपारी आम्ही दोघांचे नकाशे शेजारी ठेवून मधे सेलोटेप लावली. त्यांना आमच्या बाजूला पाणी अडवणारं तळं हवं होतं. मला शाळेपर्यंत वाट हवी होती. दोन्ही गोष्टी तिसऱ्या टप्प्याच्या कडेच्या एकाच पट्ट्यात बसत होत्या. फक्त त्या पट्ट्यातली आमची घरं कमी करावी लागणार होती.

इथून पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. बिल्डरच्या वकिलांची पत्रं आली. मॅनेजरबाई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. प्लॅनिंग कमिटीच्या पहिल्या बैठकीत विषय पुढे ढकलला गेला. एक सभासद म्हणाले, "शेजाऱ्यांच्या घरांसाठी आपली घरं का कमी करायची?" घरी येऊन मी रडले. नवऱ्याने विचारलं, "मग? सोडून देतेस?" मी म्हटलं, "नाही. पुढच्या वेळी तो जोडलेला नकाशाच नेते."

दुसऱ्या बैठकीला मी तो सेलोटेपचा कागद घेऊन गेले. ते वेल्श गृहस्थ बोलावणं नसताना आले आणि पाठीमागच्या खुर्चीत बसले. मी फुल्या दाखवल्या, शाळा दाखवली, पॅलेटचा फोटो दाखवला. मग मॅनेजरबाई उठल्या. त्या माझ्या बाजूने बोलतील असं मला वाटलं नव्हतं. "हे आधी करायला हवं होतं," त्या म्हणाल्या, "आणि ती चूक आपल्या ऑफिसची आहे." दोन मतांच्या फरकाने मंजूर झालं.

तळं खणून झालंय. पहिल्या हिवाळ्यात धो धो पाऊस झाला, तेव्हा सकाळी त्या गृहस्थांचा मेसेज आला. खालच्या गल्लीचा फोटो होता. रस्ता ओला, पण उंबरे कोरडे. सोबत एक शब्दही नव्हता. आता ते निवृत्त झालेत.

पूल दोन्ही कौन्सिलांच्या आराखड्यांत आला आहे, जमिनीवर अजून नाही. इंजिनिअर मंडळींचा सर्व्हे दोनदा लांबला. बग्गीवाल्या बाईंना मी दर काही महिन्यांनी काम कुठवर आलंय ते कळवते, आणि काही झालं नसेल तर तेही कळवते. त्यांचा मोठा मुलगा लवकरच ती शाळा सोडेल. धाकटीला तरी त्या पुलावरून जायला मिळावं, एवढ्यासाठी मी मागे लागले आहे.

गेल्या महिन्यात आमच्या उत्तरेच्या हद्दीवरच्या कौन्सिलला फोन केला. तिथे बसचा मार्ग हद्दीपाशी येऊन थांबतो आणि लोक पुढे चालत जातात. पलीकडून एक तरुण प्लॅनर म्हणाली, "तो भाग तुमचा आहे ना?"

"अर्धा," मी म्हटलं. "तुमचा नकाशा बघायला कधी येऊ?"

गुरुवारी साडेदहाला बोलावलंय.