झाकणावरचं नाव

पेणमधल्या देवळात पंख्याच्या पात्यावर ‘सप्रेम भेट’ दिसलं, की पंखा कुणी दिला हे वाचायच्या आधी अक्षर दाजी पेंटरचं आहे हे लोक ओळखत. बाकं, पाणपोया, वाचनालयाची कपाटं, सगळीकडे देणाऱ्यांची नावं त्याच्याच हातची. आपल्याकडे लग्नात वाटी दिली तरी माणूस तिच्यावर नाव कोरून देतो, तिथे दाजीला कामाचा काय तोटा? पण फ्लेक्सची मशीन आली आणि दाजीचा ब्रश खुंटीला लागला.

बसून खाणं त्याच्या हाडात नव्हतं. गणपती मार्गी लागले की पेणच्या कारखान्यांतून उरलेले रंग आणि केस झडलेले ब्रश तो उचलून आणी. रोह्याला मुलीकडे, अनिताकडे गेला की वरसेच्या बंगल्यांतून पोरांनी टाकलेले रंगाचे डबे, खडूंचे तुकडे, अर्ध्या कोऱ्या चित्रवह्या गोळा करी. खडूंचे तुकडे वितळवून नवे ओती, ब्रशचे केस कापून बारीक टोक काढी. मग हे सगळं पिशवीत भरून रोह्याबाहेरच्या एका शाळेत नेऊन देई. तिथल्या निम्म्या पोरांकडे रंगाचा डबाच नव्हता. काम खरोखर चांगलं होतं, त्याला कुणी नाक मुरडू नये.

खोट होती ती एकाच जागी. डबा घासूनपुसून चकाचक झाला, की दाजीला चैन पडत नसे. झाकणावर ऑइल पेंटनं, वळणदार अक्षरांत तो लिही, ‘सप्रेम भेट, कु. हितेश मोकल, वरसे.’ असं लिहा म्हणून मोकलांनी कधी सांगितलं नव्हतं. पोरांना बरं वाटेल का, असं अनितानं एकदा विचारलं, तर देणाऱ्याचं नाव नको का, म्हणून बापानं तिलाच गप्प केलं. खरं सांगायचं तर म्हाताऱ्याला अक्षर काढायला निमित्त हवं होतं, दुसरं काही नाही.

हितेशचा डबा सातवीतल्या नम्रताच्या वाट्याला आला. या पोरीच्या हातात जादू होती. खाडीत रुतलेली होडी कागदावर काढली तर चिखलाचा वास यावा अशी. दाजीचा तिच्यावर फार जीव. तालुक्याच्या चित्रकला स्पर्धेला शाळेनं तिचंच नाव दिलं, तेव्हा आपलीच नात जाणार असल्यासारखा तो अनिताच्या शेजारीपाजारी सांगत फिरला. स्पर्धा आठवड्यावर आली तसा तिच्यासाठी खास बारीक ब्रश करून तो शाळेत गेला. बाकापाशी जाऊन बघतो तर काय, झाकणावरचं नाव ब्लेडनं खरवडून साफ करून टाकलेलं.

दाजीचं डोकं फिरलं. राग होता तो आपलं अक्षर खरवडल्याचा, पण तोंडावर आली उपकाराची भाषा. ज्याचं खावं त्याचं गुण गावं, आजकालच्या पोरांना किंमत म्हणून नाही, असं सगळं अख्ख्या वर्गासमोर बोलून झाल्यावर तो म्हणाला, “ज्यानं दिलं त्याचंच नाव पुसतेस? लाज नाय वाटत?”

नम्रता मान खाली घालून उभी राहिली. मग जवळ सरकली आणि त्याला एकट्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माजी आई त्यांच्याकडं भांडी घासते, बाबा. त्यांच्या ताटांवर पन ह्येच नाव हाय.”

दाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर नावं लिहिली, पण ती वाचणाऱ्याला काय वाटत असेल हा विचार त्याच्या मनाला कधी शिवला नव्हता. कुठून झक मारली आणि बोललो, असं त्याला झालं. बोललो चारचौघांत, तर माफीही चारचौघांत मागायची, हा त्याचा साधा न्याय. त्यानं घसा साफ केला.

“पोरांनो, चूक माजी हाय. हिची आई ज्यांच्याकडं भांडी घासते, त्यांचंच नाव मी हिच्या डब्यावर घातलं. हिनं खरवडलं ते बरोबर केलं.”

म्हाताऱ्याला हलकं वाटलं. त्यानं घामसुद्धा पुसला.

वर्गात कुणी हसलं नाही. फक्त नम्रताच्या शेजारी बसणारी मैत्रीण, जिच्या मनात काही वाईट नव्हतं, तिनं विचारलं, “तुजी आई तर धाटावला कंपनीत जाते ना गो?”

नम्रतानं रंग आत नीट लावले, डबा बंद केला, दाजीच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून बसली. नवा ब्रश दाजीच्या खिशातच राहिला.

त्या दिवशी अनिताच्या ओटीवर बसून त्यानं उरलेल्या सगळ्या डब्यांची नावं थिनरनं पुसून काढली. त्यात अवघड काही नव्हतं, चिंधी फिरवली की अक्षर जात होतं. पुढच्या आठवड्यात शाळेतल्या बाईंचा फोन आला की नम्रता स्पर्धेला आलीच नाही, पोट दुखतं म्हणाली.

जा आणि पोरीची घरी जाऊन माफी मागा, असं अनिता म्हणाली. दाजी उठला. चपला घातल्या, फाटकापर्यंत गेला, तिथे जरा वेळ उभा राहिला आणि परत येऊन ओटीवर बसला. का परतलात म्हणून तिनं विचारलं, तर त्याला ते सांगायचीही लाज वाटली. तोंड उघडल्यावर आपण आणखी काय बोलून बसू, याचा त्याला आता भरवसा उरला नव्हता.