नऊ नंबरचा आंबा

आंब्याच्या बुंध्यावर नऊचा आकडा मीच रंगवला होता. तांबड्या ऑइलपेंटनं, ठळक. हिंगोलीच्या शाळेत अक्षर चांगलं म्हणून फळ्यावर रोजची तारीख मला लिहायला लावायचे, तेच वळण.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. चंदीगडला विद्यापीठात मी झाडांवर आणि मेलेल्या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीवर संशोधन करत होते. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे ज्याचे त्याचे आभार मानत फिरायचे: गाइड सरांचे, विभागाचा कॅमेरा काढून देणाऱ्या लॅब असिस्टंटचे, मेसमध्ये माझ्यापुरता भात झाकून ठेवणाऱ्या महाराजांचेसुद्धा.

बुरशी सापडली की त्या झाडाला नंबर द्यायचा आणि दर सोमवारी त्याच जागेवरून फोटो घ्यायचा, ही माझी पद्धत. नऊ नंबरचा आंबा शहर आखण्याआधीचा, कुठल्या तरी गावच्या बागेतला. एक फांदी वाळलेली, बाकी झाड मोहोर धरणारं. वाळल्या फांदीच्या बुडाशी पंजाएवढी बुरशी, भिंतीतल्या फळीसारखी बाहेर आलेली. वर तपकिरी वलयं, कडेला पिवळी किनार. कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनाशी ती पुरती जुळेना. खाली छोटा आरसा धरून तिची छिद्रं मी टिपली होती. नाव ठरवायला आता फक्त बीजाणूंचा रंग हवा होता, आणि ते अजून पडत नव्हते. तोडली तर वाढ थांबेल, म्हणून हात लावला नाही. दोन पावसाळे थांबले.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी गेले तर आंबाच नव्हता. ताजं खोड, भुसा, मोहोराचा चिखल. माणसं ओंडके ट्रकला बांधत होती. रस्त्याकडेच्या बाकी तोडलेल्या झाडांवर पांढरे आकडे होते.

"ये क्यों काटा?" मी मुकादमाला विचारलं.

"मॅडमजी, नंबर लगा था. रोड चौडी होनी है, नंबरवाले सब जाएंगे."

"आपके नंबर तो सफेद हैं! ये लाल था. लिस्ट देखी थी?"

"लिस्ट तो दफ्तर में है जी," तो म्हणाला आणि दोरी आवळू लागला.

बुरशी ट्रकच्या चाकाखाली सापडली. ओल्या पुठ्ठ्यासारखा लगदा.

उद्यान कार्यालयातल्या साहेबांनी बसायला सांगितलं नाही. सरकारी झाडाला रंग लावायला कुणी सांगितलं, असं उलट मलाच विचारलं. माझ्याकडे परवानगीचं पत्र होतं, पण त्यात निरीक्षण आणि फोटो एवढंच होतं. रंगाचा उल्लेख नव्हता. हे खरंच. तोडायच्या झाडांवर हे लोक कशी खूण करतात, हे विचारायचं मला सुचलं नाही, ही चूक माझीच. पण मोहोरानं लगडलेल्या झाडावर करवत चालवताना एकालाही यादी बघावीशी वाटू नये?

त्यांनी माझ्याकडूनच माफीनामा मागितला.

"अगं, दे लिहून दोन ओळी," सर म्हणाले. ते नागपूरकडचे, चंदीगडला वीस वर्षं काढलेले. "यांच्याशी वाकडं घेऊन चालतं का? परवानगी दिली हेच खूप समज."

मी लिहून दिला. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. साहेबांचा राग पुढे निवळला. त्या माफीनाम्याचा, माझा मलाच येणारा राग अजून निवळत नाही.

प्रबंधात नऊ नंबरपुढे मी लिहिलं: 'ओळख अपूर्ण. जिवंत झाड यादी न पाहता तोडले.' सरांनी दुसरं वाक्य पेन्सिलीनं खोडलं. मी ते पुन्हा टाइप केलं. मग त्यांनी आभाराची पानं चाळली. तीन पानं भरली होती. मेसचे महाराजही होते.

"उद्यानवाले राहिले की गं."

"राहिले नाहीत, सर. मी घातले नाहीत."

"परवानगी त्यांनीच दिली होती."

"आणि आंबाही त्यांनीच तोडला."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग शेवटच्या पानावर सही केली.